पहिल्यांदा र्योकानमध्ये राहायला जाताना

जपानची सहल ठरली की एक रात्र तरी र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पाहुणघरात, काढू, असं बहुतेकांच्या मनात असतं. आणि नेमकी तीच रात्र सगळ्यांत घाईत उरकली जाते. दिवसभर देवळं नि बाजार पालथे घालायचे, संध्याकाळी साडेसातला धापा टाकत दारात पोचायचं, पुढ्यात येईल ते कसंबसं संपवून आडवं व्हायचं आणि सकाळी आठची गाडी पकडायची. असाच बेत असेल तर माणशी तीस-चाळीस हजार येन मोजू नका. स्टेशनजवळचं साधं हॉटेल त्यापेक्षा बरं.

चांगलं छोटं र्योकान म्हणजे आठ-दहा, फार तर पंधरा खोल्यांचं घर. बरेचदा एकाच कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या चालवलेलं. सगळा कारभार ओकामी, म्हणजे मालकीणबाई, पाहतात; खोलीतलं चहापाणी, जेवण, अंथरूण याकडे नाकाई, म्हणजे पाहुण्यांची देखभाल करणाऱ्या बाई, बघतात. तुम्ही येण्याच्या किती तरी आधी हे घर तुमच्यासाठी कामाला लागलेलं असतं. भाजी-मासळी मोजक्या माणसांच्या हिशेबाने मागवलेली असते, खोलीतलं चित्र आणि फूल ऋतूप्रमाणे बदललेलं असतं, तुम्ही कळवलेल्या वेळेला कोणीतरी दाराकडे लक्ष ठेवून असतं. एवढं ध्यानात राहिलं की पुढचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप पटतात.

जागा निवडताना

‘र्योकान’ ही पाटी दोनशे खोल्यांच्या काँक्रीटच्या इमारतीवरही असते आणि लाकडी जिन्याच्या जुन्या घरावरही. म्हणून सगळ्यात आधी खोल्यांची संख्या बघा. वीसच्या खाली असेल तर तुम्हाला हवा तो अनुभव मिळण्याची शक्यता जास्त. मग जेवण खोलीत देतात की वेगळ्या दालनात, गरम पाण्याचं स्नानगृह घरात आहे का, खासगी वेळ घेऊन वापरता येईल असं छोटं स्नानगृह आहे का, हे पाहा.

क्योतोसारख्या शहरातली नावाजलेली घरं, म्हणजे १८१८ साली सुरू झालेलं हिइरागिया किंवा तीनशे वर्षांचा वारसा सांगणारं तावाराया, ही देखणेपणासाठी आणि स्वयंपाकासाठी प्रसिद्ध. तिथे खोलीतच सुगंधी लाकडाचा टब असतो, पण डोंगरातल्या गावांसारखे गरम पाण्याचे झरे नसतात. ओन्सेन, म्हणजे नैसर्गिक गरम पाणी, हवं असेल तर हाकोने, किनोसाकी, कुसात्सु, क्युशूमधलं कुरोकावा किंवा युफुइन अशा गावांकडे वळा. आडवाटेच्या झऱ्यांवरची घरं जपण्यासाठी १९७५ पासून काम करणारी एक संघटनाही जपानमध्ये आहे, ‘निहोन हितो ओ मामोरु काई’. तिच्या सदस्य घरांच्या दाराशी ओळखीचा कंदील टांगलेला दिसतो. पहिल्याच खेपेला इतक्या आडवाटेला जाऊ नये असं मला वाटतं, कारण तिथे दिवसाला दोन-तीनच बस असतात आणि एक चुकली की पुढची गणितं कोसळतात.

बुकिंग आणि पैसे

दर बहुतेक वेळा खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. या पद्धतीला ‘इप्पाकु निशोकु’ म्हणतात. बुकिंगच्या पानावर हेच शब्द शोधा. ‘सुदोमारी’ म्हणजे जेवणाशिवाय नुसता मुक्काम. दोघांसाठी दाखवलेला आकडा एकाचा आहे की दोघांचा, हे पैसे भरण्याआधी दोनदा तपासा. साधं, नीटनेटकं घर पंधरा-वीस हजार येनपासून मिळतं. निगुतीचं, छोटं, उत्तम स्वयंपाकाचं घर हवं तर चाळीस हजार आणि त्यापुढे तयारी ठेवा. एक येन म्हणजे साधारण ५५ ते ६० पैसे. शनिवारी, एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात, ऑगस्टच्या मध्यावर आणि नववर्षाला भाव चढतात. क्योतोत चेरीचा बहर आणि नोव्हेंबरची लाल पानं या दोन काळांसाठी काही महिने आधीच खोली धरावी लागते.

एकट्याने जाणाऱ्यांना काही छोटी घरं घेत नाहीत किंवा जास्त आकारतात. विचारून बघायला संकोच नको. आठवड्याच्या मधल्या वारी उत्तर बदलू शकतं.

वरकड खर्चात ओन्सेन-कर येतो, बहुतेक ठिकाणी माणशी रात्रीला १५० येन. क्योतोचा निवास-कर वेगळा. १ मार्च २०२६ पासून तो वाढला आणि सर्वांत महागड्या खोल्यांना माणशी रात्रीला १०,००० येनपर्यंत जातो. काही लहान घरं अजूनही रोख पैसेच घेतात, म्हणून आधी विचारून ठेवा.

बुकिंग रद्द करण्याचे नियम कडक असतात. शेवटच्या काही दिवसांत टक्केवारीने पैसे कापतात, आणि त्या दिवशी न कळवता गेला नाहीत तर बहुधा पूर्ण रक्कम. हे अन्यायाचं वाटू शकतं, पण तुमच्या नावाने आणलेली मासळी दुसऱ्या कोणाला वाढता येत नाही.

शाकाहारी असाल तर हा भाग नीट वाचा

मराठी घरांतून जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण इथे येते, आणि ती जपानमध्ये पोचल्यावर सुटत नाही. निघण्याआधीच सोडवावी लागते.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, चवीसाठी वापरायचं अर्काचं पाणी. बहुतेक वेळा ती कोनबु नावाच्या समुद्री वनस्पतीपासून आणि कात्सुओबुशीपासून, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाच्या पातळ किसापासून, काढतात. सारात ती असते, शिजवलेल्या भाज्यांत असते, अंड्याच्या गुंडाळीत असते, कित्येक सॉसमध्ये आणि कधी लोणच्यातही असते. त्यामुळे ‘मी मांस-मासे खात नाही’ एवढंच कळवलंत तर ताटात माशाचा तुकडा येणार नाही, पण भोपळा मात्र माशाच्या पाण्यात शिजलेला असेल. स्वयंपाक्याने फसवलेलं नसतं. तिथे ‘भाजी’ म्हणून तोच पदार्थ ओळखला जातो.

म्हणून बुकिंग करतानाच, निदान आठ-दहा दिवस आधी, स्वच्छ शब्दांत लिहा. काय चालत नाही ते एकेक करून सांगा: मांस, कोंबडी, मासे, कोळंबी-शिंपले, माशाची दाशी, अंडं. काय चालतं तेही तितक्याच ठळकपणे सांगा: कोनबु आणि वाळलेल्या शीताके अळंबीची दाशी, तोफू, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), भाज्या, दूध. जैन असाल तर कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, रताळं अशी नावानिशी यादी द्या. ‘जमिनीखालचं काही नको’ हे वाक्य तिथल्या स्वयंपाकघरात नेमकं पोचत नाही. मद्य वर्ज्य असेल तर मिरिन आणि साके यांचाही उल्लेख करा, कारण दोन्ही स्वयंपाकात सर्रास वापरतात. गव्हाचं पथ्य असेल तर सोया सॉसमध्ये गहू असतो हे लक्षात ठेवा.

तिथे गेल्यावर तोंडी सांगायला तीन वाक्यं पाठ असू द्यात:

‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन’ (मांस आणि मासे खाता येत नाहीत).
‘साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन’ (माशाची दाशीसुद्धा नाही).
‘कोनबु नो दाशी वा दाइजोबु देस’ (कोनबुची दाशी चालेल).

उत्तर तीन तऱ्हेचं येतं. काही घरं आनंदाने वेगळा बेत करतात. काही म्हणतात, मासे काढू पण दाशी बदलता येणार नाही. आणि काही नम्रपणे नकार देतात. नकार देणाऱ्यावर रागावू नका, त्याने तुमची रात्र वाचवली आहे. मधल्या उत्तरापाशी मात्र घरात बसून निर्णय घ्या: माशाच्या पाण्याचा अंश चालणार आहे का? नसेल तर ते घर सोडा किंवा सुदोमारी घ्या. जेवणाच्या पाटाशी बसून हा वाद घालणं दोन्ही बाजूंना जड जातं. नाकाई हवालदिल होतात आणि तुम्ही उपाशी राहता.

सोबतचा चिवडा-लाडवाचा डबा बॅगेत खुशाल असू द्या. पण खोलीत इलेक्ट्रिक कुकर लावून खिचडी करू नका, उदबत्तीही लावू नका. गवताच्या चटया आणि कागदी दारं वास धरून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत दुसरे पाहुणे यायचे असतात.

मोठी बॅग पुढे पाठवा

तातामीवर, म्हणजे खोलीतल्या गवताच्या चटयांवर, चाकाची बॅग ओढत नाहीत, आणि छोट्या घरांचे जिने अरुंद असतात. जपानमध्ये सामान पुढच्या मुक्कामी पाठवण्याची फार चांगली सोय आहे, ताक्क्युबिन. यामातो कंपनीने १९७६ साली ती सुरू केली. पिवळ्या पाटीवर पिल्लू तोंडात धरलेली काळी मांजर दिसली की तीच. आदल्या हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्या, पुढच्या शहरातल्या हॉटेलचा पत्ता लिहा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. र्योकानला एका रात्रीपुरती पिशवी घेऊन जा. कपडे जवळजवळ लागतच नाहीत. औषधं, पासपोर्ट, एक जादा मोज्यांची जोडी आणि चटकन काढता-घालता येतील असे बूट पुरेत.

आईबाबांना घेऊन जात असाल आणि गुडघ्यांचा त्रास असेल तर हेही बुकिंगच्या वेळीच सांगा. खोलीत उंच खुर्ची-टेबल मिळतं का, पलंग असलेली ‘वायोशित्सु’ खोली आहे का, लिफ्ट आहे का. बऱ्याच ठिकाणी सोय होते, पण सांगितल्याशिवाय होत नाही.

तीन वाजता पोचा

खोल्या साधारण दुपारी तीनला उघडतात. शक्यतो तीन ते चारच्या दरम्यान पोचा आणि त्या दिवशी पुढे काहीही ठरवू नका. माझ्या मते यावरच सगळा मुक्काम उभा आहे. चार वाजता आलेल्याला उजेडात बाग दिसते, जेवणाआधी निवांत आंघोळ होते आणि भूक लागते. उशीर होणार असेल तर फोन करा, कारण जेवणाची वेळ ठरलेली असते, बहुधा सहा ते सातच्या मध्ये, आणि स्वयंपाकघर तुमच्या घड्याळावर चाललेलं असतं.

दारातून आत गेलात की खालची पातळी आणि त्यावर लाकडी उंबरठ्याची पायरी दिसेल. बूट खालच्या पातळीवर काढायचे आणि मोज्यांनी थेट वरच्या पायरीवर पाय ठेवायचा. काढलेल्या बुटांची काळजी करू नका, घरची माणसं ते उचलून ठेवतात आणि निघताना तोंड बाहेर करून मांडून देतात. पुढे ओसरीत आणि पॅसेजमध्ये चपला मिळतात. तातामीच्या खोलीशी आलात की त्या चपलाही बाहेर. शौचालयात वेगळ्या चपला असतात. आत जाताना बदला आणि बाहेर येताना आठवणीने परत बदला.

परदेशातून आलेल्या पाहुण्यांच्या पासपोर्टची प्रत घेतात, तेव्हा पासपोर्ट हाताशी ठेवा. जेवणाची आणि न्याहारीची वेळ, खासगी स्नानगृहाची वेळ इथेच ठरते. आहाराबद्दल लिहिलेलं त्यांना पोचलंय ना, हे इथेच एकदा हसून विचारा.

खोलीत

नाकाई तुम्हाला खोलीत नेतात, बुटक्या मेजाशी बसवतात, हिरवा चहा आणि एक गोड पदार्थ पुढे ठेवतात. तो खा, रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरल्यावर चक्कर येऊ शकते.

खोली रिकामी वाटेल. पलंग नाही, कपाट भिंतीत दडलेलं, जमिनीवर इगुसा गवताच्या चटया, मधे मेज आणि उशा. नव्या तातामीचा वास पहिल्या पावसानंतरच्या माळरानासारखा असतो, तो काही वेळाने जाणवेनासा होतो. एका भिंतीत थोडा उंच कोनाडा दिसेल, तोकोनोमा. त्यात टांगलेलं चित्र किंवा अक्षरं आणि खाली एखादं फूल असतं. तिथे बॅग, चार्जर, पाण्याची बाटली असं काहीही ठेवू नका, मुलांनाही चढू देऊ नका. तो खोलीतला मानाचा कोपरा आहे. चित्राबद्दल विचारलंत तर ओकामी मनापासून सांगतात. खिडकीलगत दोन खुर्च्यांची लाकडी पट्टी असते. पाठ-गुडघे दुखणाऱ्यांना हीच जागा सगळ्यात लाभदायक.

कागदी दारं हलक्या हाताने सरकवा. भिंती पातळ असतात, तेव्हा फोनवरचं बोलणं हळू आवाजात.

युकाता कसा घालायचा

कपाटात घडी केलेला सुती युकाता, पट्टा आणि थंडीत वरून घालायचा अंगरखा असतो. पुरुष-बायका दोघांनीही डावी बाजू वर, उजवी खाली, अशीच घ्यायची. उलटी बाजू तिथे मृतदेहाला नेसवताना वापरतात, त्यामुळे कोणी काही बोललं नाही तरी डोळ्यांना खुपते. पट्टा पुरुषांनी कमरेखाली, बायकांनी कमरेवर बांधावा. उंचीप्रमाणे मापं वेगवेगळी असतात. पायघोळ झाला तर बदलून मागा. याच वेषात जेवायला जायचं, आंघोळीला जायचं, झोपायचं, आणि किनोसाकीसारख्या गावात तर रस्त्यावरही फिरायचं.

आंघोळ

ओन्सेनमध्ये कपडे न घालता उतरतात, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. बायकांची आणि पुरुषांची जागा वेगळी असते. बहुतेक मराठी माणसांना, विशेषतः बायकांना, इथे अवघडल्यासारखं होतं. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, आणि जबरदस्तीने धीट व्हायचीही गरज नाही. ‘काशिकिरी’ म्हणजे ठरावीक वेळेसाठी आतून कडी लावून वापरायचं स्नानगृह असतं, साधारण पाऊण तास मिळतं; नवराबायको किंवा आई-मुलगी मिळून जाऊ शकतात. पहिल्या दिवशी तिथून सुरुवात करा. दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या स्नानगृहात बहुधा एक-दोघंच असतात, तेव्हा जाऊन बघा. कोणी कोणाकडे पाहत नाही.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत आपण अंग धुवायला उतरतो. इथे उलट आहे: अंग आधी बाहेर स्वच्छ धुवायचं आणि मगच पाण्यात जायचं. क्रम असा. दाराशी टांगलेल्या कापडी पडद्याचा रंग आणि अक्षर बघा; बहुधा लाल बायकांचा, निळा पुरुषांचा. काही घरांत रात्री किंवा सकाळी दोन्ही जागांची अदलाबदल करतात, म्हणून काल गेलो तिथेच आज असं गृहीत धरू नका. कपडे टोपलीत ठेवा. मोठा टॉवेल तिथेच राहू द्या, छोटा हातात घ्या. आत लाकडी किंवा प्लॅस्टिकचे बुटके पाट, नळ, साबण, शाम्पू असतं. पाटावर बसूनच अंग धुवा, उभ्याने धुतलं तर शेजारच्यावर उडतं. केसांना तेल असेल तर धुऊन टाका, लांब केस वर बांधा. साबण पूर्ण गेला की मगच कुंडाच्या कडेचं पाणी तांब्याने पायावर, खांद्यावर घ्या, म्हणजे अंगाला उष्णतेची सवय होते. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. डोक्यावर घडी करून ठेवा किंवा काठावर.

पाणी बहुधा ४० ते ४२ अंशांचं असतं. पहिल्यांदा पाच मिनिटं, बाहेर बसून थंड व्हा, मग पुन्हा. उघड्यावरच्या कुंडात थंड वाऱ्यामुळे जास्त वेळ बसवतं, तिथे भान ठेवा. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावं, मद्य घेतल्यावर उतरू नये, पाळी असताना सामाईक कुंड टाळावं. बाहेर आल्यावर भरपूर पाणी प्या.

दागिन्यांचं मात्र कोणी सांगत नाही. कुसात्सुसारख्या गंधकयुक्त पाण्यात चांदी काळी पडते. पैंजण, जोडवी, चांदीची साखळी खोलीतल्या तिजोरीत ठेवून जा. मंगळसूत्रही काढून ठेवलेलं बरं.

गोंदवलेल्यांना काही ठिकाणी सामाईक कुंडात मनाई असते. हा नियम आधुनिक टॅटूसाठीच नाही, आईच्या मनगटावरचं जुनं हिरवं गोंदणही त्यात येऊ शकतं. लहान असेल तर त्वचेच्या रंगाची पट्टी लावायला सांगतात. आधी विचारा, नाहीतर काशिकिरी घ्या. किनोसाकीची सातही सार्वजनिक स्नानगृहं टॅटू असलेल्यांना खुली आहेत.

रात्रीचं जेवण

जेवण दीड-दोन तास चालतं. एकेक पदार्थ येतो: सुरुवातीचा छोटा घास, ऋतूच्या वस्तूंनी सजवलेलं तबक, कच्च्या माशाचे काप, झाकणाच्या वाडग्यातलं सार, भाजलेलं, शिजवलेलं, तळलेलं. ताटाशेजारी हाताने लिहिलेली यादी असते. वसंतात बांबूचे कोंब, उन्हाळ्यात नदीतला आयु मासा, शरदात मात्सुताके अळंबी, हिवाळ्यात खेकडा. भात, मिसोचं सार आणि लोणचं अगदी शेवटी येतं. आपल्याकडे भाताशिवाय जेवण सुरू होत नाही, म्हणून मंडळी आधी भात मागतात. मागितला तर देतातही, पण थांबून बघा. भाताची वेळ झाली की जेवण संपत आलं असं समजायचं, मग फळ.

लाखेच्या वाडग्याचं झाकण पुष्कळदा उघडत नाही, आतल्या वाफेने घट्ट बसलेलं असतं. ओढाताण केली तर सार अंगावर येतं. डाव्या हाताने वाडग्याची कड दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. हवा आत शिरल्याचा बारीक आवाज येतो आणि झाकण सुटतं. ते वाडग्यावरच तिरकं धरून आतल्या बाजूचे थेंब खाली पडू द्या, मग उताणं बाजूला ठेवा. आधी सारात काही न ढवळता एक घोट घ्या. युझू नावाच्या लिंबाची साल किंवा सांशोचं सुगंधी पान वरच ठेवलेलं असतं, त्याचा वास त्या पहिल्या वाफेतच असतो. स्वयंपाक्याचा हात या साराने ओळखतात. शाकाहारी बेतात कोनबुची दाशी नीट जमली आहे का, हेही इथेच कळतं. संपल्यावर झाकण होतं तसं परत ठेवा.

वाडगा हातात उचलून खाणं तिथे रीतीला धरून आहे. जेवायच्या काड्या (चॉपस्टिक) भातात उभ्या खोचू नका आणि काडीने काडीत घास देऊ नका. दोन्ही गोष्टी अंत्यसंस्कारांशी जोडलेल्या आहेत. काटा-चमचा मागितला तर कोणी वाईट मानत नाही. न आवडलेलं तसंच ठेवलं तरी चालतं, कारण ओळखता न येणारे पदार्थ येणारच. नाकाईंना ‘हे काय?’ असं बोटाने दाखवून विचारा. शब्द न जुळताही त्या समजावून सांगतात, आणि त्यांना ते आवडतं.

तुम्ही जेवत असताना किंवा दुसऱ्यांदा आंघोळीला गेलेले असताना खोलीतलं मेज बाजूला होऊन जमिनीवर गाद्या पडतात. उशी कधी सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या टरफलांची असते, ती टणक लागते. मऊ हवी तर मागा. गादी पातळ वाटली तर कपाटातली दुसरी खाली घ्या.

सकाळ आणि हिशेब

न्याहारी साधारण साडेसात ते साडेआठला. भात, मिसो सार, भाजलेला मासा, अंड्याची गुंडाळी, नोरी (समुद्री शेवाळाचे पातळ कागद), लोणची, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ), पुष्कळदा गरम तोफू. शाकाहाऱ्यांनी इथेही सावध राहावं: मिसो साराचं पाणी बहुधा माशाचं असतं, आणि नात्तोबरोबरच्या (नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन) चिमुकल्या पाकिटातल्या सॉसमध्येही दाशी असते. रात्रीच्या जेवणाचं सांगितलं म्हणजे सकाळचंही कळलं असं समजू नका. पत्रात दोन्ही जेवणं वेगळी लिहा.

खोली दहा-अकराला सोडायची असते. अंथरूण उचलायची गरज नाही, युकाता सैल घडी करून ठेवला की झालं. तो घराचा असतो, न्यायचा नसतो. टिप देत नाहीत. बिलात सेवाशुल्क धरलेलं असतं. जुन्या घरांत जपानी पाहुणे कधीकधी पाकिटात घालून थोडे पैसे नाकाईंना आल्या-आल्याच देतात, परदेशी पाहुण्यांकडून ती अपेक्षा नसते. त्याऐवजी पुण्याची बाकरवडी किंवा काजूची छोटी बंद पुडी दिलीत तर आवडेल, फक्त त्यात काय आहे ते लिहून द्या.

पहिल्या वेळेला कुठे जावं

किनोसाकी मला नवख्यांसाठी सगळ्यात सोपं वाटतं. क्योतोहून थेट एक्सप्रेसने सुमारे अडीच तास. कालव्याकाठी विलोची झाडं, सात सार्वजनिक स्नानगृहं आणि र्योकानच्या पाहुण्यांना त्यांचा पास फुकट. युकाता घालून, लाकडी खडावा वाजवत गावभर फिरायचं असतं, त्यामुळे एकट्यालाच विचित्र वाटत नाही. नोव्हेंबर ते मार्च खेकड्याचा हंगाम असतो आणि तेव्हा दर फार चढतात. मासे न खाणाऱ्यांनी तो काळ टाळावा. वेळ कमी आणि तोक्योतच मुक्काम असेल तर हाकोने; शिंजुकूहून थेट गाडीने दीड तासाच्या आत.

कडक शाकाहारी असाल तर र्योकानऐवजी वाकायामातल्या कोयासान डोंगरावर जा. कुकाई या भिक्षूंनी ८१६ साली स्थापलेलं हे बौद्ध क्षेत्र. इथल्या पन्नासेक मठांत पाहुण्यांना राहायची सोय आहे, तिला शुकुबो म्हणतात. खोल्या, चटया, युकाता, सामाईक स्नानगृह सगळं र्योकानसारखंच. जेवण मात्र शोजिन र्योरी, म्हणजे मठातलं शाकाहारी. दाशी कोनबु-शीताकेची, तिळाचं तोफू, गोठवून वाळवलेलं कोयादोफू. कांदा-लसूणही परंपरेने वर्ज्य. तरीही अंडं आणि दूध चालतं की नाही ते लिहून कळवाच. महाराष्ट्र सरकारने २०१३ मध्ये वाकायामाशी सहकार्याचा करार केला, आणि कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचं अनावरण केलं. तिथवर जाऊन तो न पाहता परतू नका.

ओसाकाच्या नाम्बा स्थानकावरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी आणि तिथून केबल कारने वर जायचं. शुकुबोत जेवण लवकर, साडेपाच-सहाला, आणि सकाळची प्रार्थना सहा-साडेसहाला असते, त्यामुळे दुपारी चारच्या आत पोचायचं धरून गाडी निवडा. डोंगर ८०० मीटर उंचावर आहे; थंडीत जात असाल तर युकाताच्या आत घालायला लोकरीचा पातळ बनियन आणि जाड मोजे त्या एका रात्रीच्या पिशवीत नक्की टाका.